आवाज येतो, बोलणे येत नाही

गेल्या दिवाळीत चार दिवस चिंताकीस अक्काकडे राहून आलो. बीदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यातील हे गाव. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या हैदराबाद राज्याची वाटणी झाली, तेव्हा बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्याकडे गेले व औरादचा भाग म्हैसूर राज्यात आला. सरहद्द कागदावर बदलली. घरातली भाषा मात्र बदलली नाही. अक्काच्या सोप्यात आजही मराठी बोलली जाते, शेजारी कानडी, बाजारात तेलुगू आणि दखनी. तेव्हा ‘ऐकणे’ ही गोष्ट आम्हां सीमेवरच्या माणसांना नवी नाही. चार भाषांतून आपल्याला हवा तो शब्द उचलून घेण्याची कानाला सवयच असते. असे असूनही या खेपेस अक्काच्या घरी ऐकण्यावरूनच वाद उभा राहिला होता.

भाच्याने हौसेने पाच स्पीकर आणि एक सबवूफर असा संच आणून सोप्यात बसविला होता. दिवाळीच्या रात्री सगळे घर चित्रपट पाहावयास बसले. पाचच मिनिटांत अक्का म्हणाली, “जरा मोठं कर रे.” भाच्याने आवाज वाढविला. मग पार्श्वसंगीत सुरू झाले तशी भांडी खणखणू लागली आणि सूनबाई म्हणाल्या, “अहो, कमी करा.” आवाज कमी झाला. पुन्हा अक्का, “काय म्हणाला तो?” असे चार-सहा वेळा झाल्यावर नातू वैतागला. “आजी, किती वेळा सांगायचं?” एवढेच तो म्हणाला; पण अक्का काही न बोलता उठली आणि ओसरीवर जाऊन बसली. पुढच्या दोन्ही रात्री ती आत आलीच नाही. मी जवळ जाऊन बसलो, तेव्हा म्हणाली, “आवाज लई येतो रे, बोलणं येत नाही.”

अक्काचे वय एकोणऐंशी. ऐकू कमी येते, हे तिलाही ठाऊक आहे आणि घरालाही. त्यामुळे दोष तिच्या कानांचा, असा निकाल सर्वांनी मनातल्या मनात देऊन टाकला होता. मी सारा जन्म महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविण्यात घालविला. तिचे ते एक वाक्य मला तक्रार वाटले नाही, अचूक निदान वाटले. आवाज येतो आणि बोलणे येत नाही, याचा अर्थ आवाजांचे आपापसांतील प्रमाण बिघडले आहे.

वाचकहो, या संचातील प्रत्येक स्पीकरचे काम वेगळे असते. समोर डावा, उजवा आणि मधला. मागे किंवा बाजूंस दोन. आणि केवळ खर्जाच्या धमाक्यासाठी सबवूफर. पैकी पात्रांचे संवाद बहुतांशी एकट्या मधल्या स्पीकरमधून येतात. संगीत, पाऊस, गर्दी, घोड्यांच्या टापा हे उरलेल्यांत वाटलेले असते. अनेक बाजूंनी ध्वनी सोडण्याचा प्रयोग १९४० साली वॉल्ट डिस्नेच्या ‘फँटेसिया’ चित्रपटासाठी झाला. आपल्याकडे १९७५ साली ‘शोले’ सत्तर मिलिमीटरच्या पडद्यावर बहुदिश ध्वनीसह आला. मात्र चित्रपटगृहात स्पीकरांची पातळी जाणकार मापून ठेवतात. घरी आपण खोके उघडतो, तारा जोडतो आणि बटण दाबतो. मापण्याची पायरी राहूनच जाते.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाच्याला म्हटले, “एक मोजपट्टी आण, आणि तुझा मोबाईल दे.” तो हसला. “मामा, आवाज पट्टीनं मोजता का?” पण आणली.

प्रथम जागा पाहिली. सोपा बावीस फूट लांब आणि अकरा फूट रुंद. वर माळवदाच्या तुळया, खाली शहाबादी फरशी. मधला स्पीकर टीव्हीखालच्या देवळीत आत ढकललेला आणि वरून विणलेला रुमाल सोडलेला. सबवूफर कोपऱ्यात. अक्काची बाज उजव्या भिंतीला लागून, कारण पाठीला टेकण हवे. आणि तिच्या डोक्यापासून जेमतेम चार फुटांवर मागचा उजवा स्पीकर. मधला स्पीकर तिच्यापासून बारा फूट.

इथेच अर्धे गणित सुटले. मोकळ्या जागेत ध्वनीच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की पातळी सहा डेसिबेलने उतरते. तिप्पट झाले की सुमारे साडेनऊने. बंद खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या ध्वनीमुळे ही घट काहीशी कमी होते, पण होते. तीन डेसिबेल वाढविण्यास यंत्राला दुप्पट शक्ती लागते, आणि दहा डेसिबेलचा फरक कानाला साधारण दुपटीचा वाटतो. अक्काच्या बाजेवरून मोबाईलवर मापले, तेव्हा मागचा उजवा स्पीकर ७८ आणि मधला ६९ भरला. फरक नऊ डेसिबेलचा! म्हणजे पाऊस तिच्या कानाशी पडत होता आणि नायक कुठेतरी लांबून बोलत होता. भाच्याने रिमोटने आवाज वाढविला की दोन्ही सारखेच वाढत. नऊचा फरक नऊच राही.

त्यात वयाची भर. उतारवयात कान प्रथम उंच कंपनसंख्येचे ध्वनी गमावतो. बोलण्यातील स्वर भारदस्त असतात, ते ऐकू येतात. पण अर्थ पुष्कळसा व्यंजनांवर तोललेला असतो आणि स, श, त, क यांसारखी व्यंजने क्षीण व उंच असतात. ‘सारा’, ‘तारा’ आणि ‘चारा’ यांतला ‘आरा’ सर्वांना ऐकू येतो. पहिले अक्षर निसटले की वाक्य निसटते. शिवाय जोरदार खर्ज आपल्याहून उंच, नाजूक ध्वनींना झाकून टाकतो. कोपऱ्यात ठेवलेल्या सबवूफरचा खर्ज दोन्ही भिंतींच्या आणि फरशीच्या आधाराने अधिकच फुगतो. अक्काची अडचण अशी तिहेरी होती आणि तिच्यातील एकच भाग तिच्या कानांचा होता.

खोलीही आपल्यापरीने बोलत असते, हे विजापूरचा गोल घुमट पाहिलेल्यांस निराळे सांगावयास नको. इ. स. १६५६ मध्ये निवर्तलेल्या मुहंमद आदिलशहाची ती कबर. वरच्या सज्जात एका बाजूस कुजबुजलेला शब्द समोरच्या बाजूस पोहोचतो आणि एका टाळीचे अनेक प्रतिध्वनी येतात. लंडनच्या सेंट पॉल चर्चमधील अशाच सज्जाचा उलगडा लॉर्ड रेले या शास्त्रज्ञाने केला. वाकलेल्या भिंतीला धरून ध्वनी पुढे सरकत जातो. आपल्या सोप्यात घुमट नसतो, पण गुळगुळीत शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती शब्दांच्या कडा पुसट करतातच. म्हणून आम्ही टीव्हीसमोर जाड सतरंजी अंथरली आणि मागच्या भिंतीवर एक जुनी वाकळ टांगली. सूनबाईंनी नाक मुरडले. पण टाळी वाजवून पाहिल्यावर त्यांनाही फरक कळला.

मग मुख्य प्रश्न आला. माप कोणत्या जागेवरून घ्यावयाचे? शास्त्र सांगते की समोरचे दोन स्पीकर श्रोत्याच्या डाव्या-उजव्या बाजूंस तीस-तीस अंशांवर, मागचे शंभर ते एकशे वीस अंशांवर, आणि श्रोता मधोमध. मधली खुर्ची भाच्याची होती. तो क्षणभर घुटमळला. मग आपणच खुर्ची उचलून बाजूला ठेवली आणि पाठ टेकावयाची आरामखुर्ची आतून आणून तिथे मांडली. “अक्का इथं बसंल,” म्हणाला. त्या दिवसाचे सर्वांत मोठे काम तेवढेच होते. बाकीचे रिमोटने झाले.

मधला स्पीकर देवळीतून काढून कडेला आणला, रुमाल दूर केला, तोंड किंचित वर, कानाच्या दिशेने केले. सबवूफर कोपऱ्यातून तीन फूट सरकविला. नव्या खुर्चीपासून अंतरे मोजली: डावा व उजवा दहा-दहा फूट, मधला साडेनऊ, मागचे दोन सहा-सहा. ही अंतरे अॅम्प्लिफायरच्या यादीत भरावयाची असतात. ध्वनीला एक फूट जावयास साधारण एक सहस्रांश सेकंदाहून किंचित कमी वेळ लागतो. जवळच्या स्पीकरला यंत्र तेवढे थांबवून ठेवते, म्हणजे सर्वांचा ध्वनी एकदम पोहोचतो.

यानंतर पातळी. बहुतेक अॅम्प्लिफायरांत चाचणीचा ध्वनी असतो. धबधब्यासारखा तो एकसुरी सळसळाट एकेका स्पीकरमधून क्रमाने निघतो. त्यात प्रत्येक सप्तकाच्या वाट्याला सारखी शक्ती येते, म्हणून तो मापनास योग्य. माप घेताना मापक बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, तोंड वर करून धरावा. हातात धरण्यापेक्षा काठीला बांधलेला बरा, म्हणजे आपले शरीर आड येत नाही. मापकावर ‘सी’ पट्टी आणि ‘मंद’ प्रतिसाद निवडावा. पंखा आणि मिक्सर बंद असावेत. मोबाईलमधील मापक खरा आकडा सांगेलच असे नाही. पण आपल्याला तुलना करावयाची असल्याने काम भागते. खर्जाच्या बाबतीत मात्र त्यावर विसंबू नये.

घरगुती संचासाठी ७५ डेसिबेल ही पातळी रूढ आहे. चित्रपटगृहात पडद्यामागच्या स्पीकरांसाठी ८५ धरतात. आमचे आकडे असे आले: डावा ७५, उजवा ७४, मधला ७१, मागचा डावा ७७, मागचा उजवा ७८. मग उजव्याला एक दिला, मधल्याला चार दिले, मागच्या डाव्याचे दोन काढले, मागच्या उजव्याचे तीन. पुन्हा फेरी मारली. सर्व ७५ वर आले. सबवूफर कानानेच लावला. तो कुठून वाजतो हे ओळखता येऊ नये आणि बंद केला तर उणीव भासावी, इतपत. काही संचांसोबत छोटा मायक्रोफोन येतो आणि यंत्र हे सारे आपण होऊन करते. तेही वापरावे; पण नंतर एकदा स्वतः मापून पाहावे.

आमच्या लहानपणी गावातल्या भजनात हेच काम माणसे करीत. बुवांचा आवाज बसलेला असला तर मृदंगी हात हलका करी, टाळकरी टाळ मिटून धरीत. कोणी मापक लावीत नसे. शब्द ऐकू आला पाहिजे, एवढे एकच माप होते. यंत्राला ही समज नाही, ती आपण द्यावयाची.

सगळे पंचाहत्तरवर आल्यावर मी एक नियम मोडला. मधल्या स्पीकरला आणखी दोन डेसिबेल दिले. शास्त्रशुद्ध समतोल तरुण कानांसाठी असतो. ऐंशीच्या घरातल्या कानाला शब्द थोडा पुढे हवा, आणि घरातल्या इतरांना तो खटकत नाही. रात्रीसाठी यादीत लहान-मोठ्या आवाजांतील दरी कमी करण्याची सोय असते, तीही सुरू केली. ‘अयोध्येचा राजा’सारखे १९३२ सालचे बोलपट एकाच मार्गावर मुद्रित झालेले आहेत, ते पाचही स्पीकरांवर पसरू नयेत, समोरूनच ऐकावेत, हेही नातवाला सांगितले.

संध्याकाळी अक्काला आत आणावयास नातू स्वतः ओसरीवर गेला. ती आढेवेढे घेत आली, आरामखुर्चीत बसली. चित्रपट तोच होता. आवाजाचा आकडा मात्र पहिल्या रात्रीपेक्षा सहाने खाली ठेवलेला. दहाएक मिनिटांनी पडद्यावरचा म्हातारा काहीतरी पुटपुटला आणि अक्का मोठ्याने हसली. नातवाने वळून विचारले, “काय म्हणाला, आजी?” तिने सांगितले.

शेजारच्या मुलाची परीक्षा होती, त्यालाही कमी आवाजाचा लाभ झाला. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. घरातला आवाज भिंतीबाहेर किती जातो, हेही त्याच मापकाने एकदा पाहून घ्यावे.

अक्काचे कान तपासून घ्यावयाचे आहेतच. श्रवणयंत्र लागले तर लावावे, त्यात कमीपणा नाही. परंतु तिकडे जाण्यापूर्वी घरातल्या यंत्राची चूक माणसाच्या माथी मारली जात नाही ना, एवढे पाहावे. खर्च काही नाही. एक मोजपट्टी, एक मोबाईल आणि रविवारची एक सकाळ. भाच्याने सारे आकडे कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटविले आहेत. त्या कागदावर सर्वांत वर त्याने लिहिले आहे: “माप अक्काच्या खुर्चीवरून.”