नुसतं पाणी ढोसताय?

कोशिंबिरीत मीठ आधी घातलं की काकडीला पाणी सुटतं, हे होस्टेलवाल्यांनाही ठाऊक असतं. पेशीच्या पडद्यातून पाणी जातं ते जिकडे मीठ जास्त तिकडे. बारावीतलं परासरण ते हेच! आता उलटा प्रकार बघा. मॅरेथॉनमध्ये घामावाटे मीठ जातंय आणि तुम्ही दिसेल त्या टेबलावर नुसतं पाणी ढोसताय. रक्तातलं सोडियम विरळ होतं, पाणी पेशींत शिरतं, पेशी फुगतात. इतरत्र एकवेळ खपतं हो, पण कवटीत फुगायला जागा कुठाय? डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळायला लागतो. कधी जिवावरही बेततं. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. तेव्हा धावताना तहानेपुरतंच प्या. आणि बरळणाऱ्या मित्राच्या तोंडाला आणखी एक बाटली लावू नका, थेट डॉक्टरकडे न्या.