बस्ता नांदेडला, बियाणं हिमायतनगरात

लग्नाचा बस्ता बांधायला हिमायतनगरची मंडळी नांदेड गाठतात. सोयाबीनचं बियाणं मात्र जवळच घेतात. असं का?

अमेरिकेच्या विल्यम रायली यांनी १९३१ मध्ये या ओढीचं गणित मांडलं. बाजाराची ओढ शहराच्या लोकसंख्येबरोबर वाढते आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. न्यूटनकडून केलेली सरळ उसनवारीच! समजा, शहर गावाच्या २५ पट मोठं आणि मधलं अंतर ९० किलोमीटर. मग गावापासून १५ किलोमीटरपर्यंतचं गिऱ्हाईक गावाचं, पुढचं शहराचं. १९६०च्या दशकात डेव्हिड हफ यांनी लोकसंख्येऐवजी दुकानांचं क्षेत्रफळ आणि अंतराऐवजी प्रवासाचा वेळ धरला. म्हणजे शहराबाहेरचा मॉल विस्तारून दुकानांच्या क्षेत्रफळाचं प्रमाण २५ पटींवरून ३६ पटींवर गेलं, तर गावाची सीमा १३ किलोमीटरच्या आत येते. रस्ता चांगला झाला तरी ओढ वाढतेच.

इंग्लंडमधल्या डडली गावाने हे भोगलं. शेजारी मेरी हिल हे खरेदी केंद्र वाढत गेलं आणि १९९० मध्ये मार्क्स अँड स्पेन्सरने गावातलं दुकान बंद करून तिकडे बस्तान हलवलं. मोठं दुकान गेलं की त्याच्याकडे येता-जाता चहा पिणारं, शिंप्याकडे डोकावणारं गिऱ्हाईकही जातं. नुकसान पसरतं ते असं.

आधी झळ बसते कापड, चपला, मोबाइल यांना. किराणा आणि खत-बियाणं तग धरतात. सुगीपर्यंतची उधारी मात्र रायली आणि हफ या दोघांच्याही सूत्रात नाही, आणि मॉलच्या गल्ल्यावर ती कोणी लिहून घेत नाही.