नेमि, अर आणि नाभि : कार्बनच्या चाकांची निवड

आपल्या विद्यालयाची एक माजी विद्यार्थिनी आज नोकरी सांभाळून डोंगरवाटांवरील सायकल स्पर्धांत उतरते. गेल्या वर्षी तिने मला विचारले, "सर, दोन वर्षांची बचत आहे. कार्बनची चाके घ्यायची आहेत. सर्वांत हलकी कोणती?" मी इतिहासाचा शिक्षक. उत्तरासाठी मला पुस्तके चाळावी लागली आणि सायकल दुरुस्त करणाऱ्या कारागिरांजवळ बसावे लागले. त्यातून जे उमगले, ते इतर विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडतो.

अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात एका रथकाराची कथा आहे. तथागतांनी ती वाराणसीजवळच्या इसिपतनात, म्हणजे आजच्या सारनाथला, भिक्खूंना सांगितली. पचेतन राजाने रथकाराला सहा महिन्यांत चाकांची जोडी करण्यास सांगितले. सहा दिवस उरले तेव्हा एकच चाक तयार होते. दुसरे त्याने त्या सहा दिवसांत उरकले. राजाला दोन्ही सारखीच दिसली. रथकाराने ती जमिनीवरून सोडली. घाईचे चाक जोर असेपर्यंत गेले आणि डगमगून पडले. दुसरे आसात बसविल्यासारखे उभे राहिले. पहिल्याच्या नेमि, अर आणि नाभि या तिन्ही भागांत वाकडेपणा व दोष राहिले होते. कार्बनचे चाक घेणाऱ्यानेही हेच तीन भाग तपासावयाचे आहेत. आज त्यांना आपण रिम, स्पोक आणि हब म्हणतो.

बैलगाडीच्या चाकात भार खालच्या आऱ्यांवर उभा राहतो. सायकलच्या चाकात बारीक तारा ताणून बसविलेल्या असतात आणि वजन पडले की खालच्या तारांचा ताण तेवढा कमी होतो. ताणलेल्या तारांच्या अशा चाकाचे पेटंट पॅरिसच्या यूजेन मेयर याने १८६९ साली घेतले. १८७४ मध्ये इंग्लंडच्या जेम्स स्टार्ली याने तारा हबला तिरप्या जोडण्याची रीत आणली. म्हणून चाकाची मजबुती एकट्या रिममध्ये नसते. ताण सर्व तारांत समान असणे तितकेच महत्त्वाचे असते.

कार्बनची रिम म्हणजे कार्बनचे धागे आणि राळ यांचे थर साच्यात घालून, उष्णता व दाब देऊन केलेली वस्तू. तिची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.६ ग्रॅम, तर अ‍ॅल्युमिनियमची २.७ ग्रॅम असते. परंतु धागा आपल्या लांबीच्या दिशेनेच बळकट असतो. कोणता थर कोणत्या दिशेने घातला, राळ सर्वत्र नीट भरली की आत पोकळी राहिली, यावर सारे अवलंबून असते आणि हे बाहेरून दिसत नाही. दगडावर आदळल्यास अ‍ॅल्युमिनियमला पोचा पडतो. कार्बनला तडा जातो. पोचा पुष्कळदा सरळ करता येतो, तडा गेलेल्या रिमवर मात्र पुन्हा भरवसा ठेवू नये.

हलकेपणाचाही नेमका हिशेब मांडावा. रिमवरील वजन वेग वाढविताना जवळजवळ दुप्पट भासते, कारण ते पुढेही न्यायचे असते आणि फिरवायचेही असते. वळणावळणाच्या वाटेवर त्याचा लाभ होतो. एका संथ गतीने चढ चढताना मात्र चाकातील शंभर ग्रॅम आणि पाण्याच्या बाटलीतील शंभर ग्रॅम यांत फारसा फरक उरत नाही.

म्हणून प्रथम वाट ठरवावी, मग चाक. लांब चढउतारांच्या शर्यतीसाठी १,३०० ते १,५०० ग्रॅमची जोडी चालते. खडकाळ उतारांसाठी १,६०० ते १,९०० ग्रॅमची घेणे शहाणपणाचे. आपल्या सह्याद्रीतील बसाल्टचे धारदार दगड दुसऱ्या प्रकारात मोडतात. २.३ ते २.५ इंची टायर असेल, तर रिमची आतील रुंदी ३० मिलिमीटरच्या आसपास असावी. चाक २७.५ इंची की २९ इंची, मागील हब १४८ मिलिमीटरचा की अन्य मापाचा, हे आपल्या सायकलीशी जुळवून पाहावे. तारा २८ किंवा ३२ असाव्यात आणि शक्यतो गावच्या दुकानात मिळणाऱ्या वाकड्या डोक्याच्या असाव्यात. स्वाराच्या वजनाची मर्यादा आणि हवेच्या दाबाची मर्यादा वाचून घ्यावी. चालविताना आदळून तडा गेल्यास बदली मिळेल काय आणि ती भारतात कोण देईल, हे लेखी घ्यावे. असे लेखी वचन नसलेले स्वस्त चाक, कितीही चकचकीत असले तरी, नाकारावे. हे सर्व खिशाला झेपत नसेल, तर चांगली अ‍ॅल्युमिनियमची चाके घेण्यात कोणताही कमीपणा नाही.

आमच्या विद्यार्थिनीने सर्वांत हलकी जोडी सोडून दिली. थोडी जड, २८ तारांची, लेखी हमी असलेली जोडी तिने घेतली आणि उरलेल्या पैशांत मजबूत टायर व नवे हेल्मेट आणले. प्रत्येक स्पर्धेनंतर ती तारांच्या भोकांपाशी तडे शोधते आणि ओळखीच्या कारागिराकडून चाकाचा आऊट काढून घेते.

कथेच्या शेवटी तथागत म्हणतात की तो रथकार मीच होतो. पूर्वजन्माचा भाग आपण शब्दशः घेत नाही. परंतु पाली वाङ्मयातच रथकारांचे कुळ हीन मानल्या गेलेल्या कुळांत गणलेले आहे, आणि तथागत स्वतःला ओळखतात ते त्याच कारागिराच्या रूपात. लाकडातील वाकडेपणा ओळखणारा माणूस मनातील वाकडेपणाही ओळखू शकतो, असा त्या कथेचा आशय. सायकलच्या दुकानात बोटांनी तारा छेडून ताण ओळखणाऱ्या कारागिराजवळ बसलो असताना मला ती कथा प्रथमच नीट समजली. त्याच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलाने माझ्याकडे पाहिले, तेव्हा मी त्याला आधी नमस्कार केला.