जुन्या व नव्या संगणकांतील फाइल-देवाणघेवाण : अडथळा आणि उपाय
गिरगाव-दादरच्या घरांत विंडोज एक्सपीवर चालणारा जुना संगणक आणि नवा लॅपटॉप एकाच राउटरला जोडूनही परस्परांच्या फाइल्स उघडत नसतील, तर त्याचे कारण बहुधा बिघाड नसून संवादाच्या नियमावलीतील भेद हे असते. २००१ च्या एक्सपीला एसएमबी या नियमावलीची केवळ पहिली आवृत्ती अवगत आहे. ऑक्टोबर २०१७ पासून विंडोज १० मधून तीच वगळण्यास प्रारंभ झाला. त्यामागे सुरक्षिततेचा विचार होता. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रॅमने ज्या मार्गांनी प्रसार केला, त्यांत या आवृत्तीतील त्रुटीही होती. न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम त्यामुळे विस्कळीत झाले.

म्हणून नव्या संगणकावर ही आवृत्ती पुन्हा सुरू करणे सोपे असले, तरी जोखमीचे होय. त्याऐवजी जुना संगणक इंटरनेटपासून तोडावा, फाइल्स पेन ड्राइव्हवर उतरवाव्यात आणि नव्या संगणकावर उघडण्यापूर्वी अँटिव्हायरसने तपासाव्यात. मराठी मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असल्यास तो फॉन्टही सोबत घ्यावा. अन्यथा फाइल मिळूनही वाचता येणार नाही.