मोटारगाडीच्या इंजिनाची थरथर व त्याची रबरी बैठक

विहिरीवरील तेलाचें इंजिन ज्यांनीं स्वतः उभें राहून बसवून घेतलें आहे, त्यांस एक गोष्ट पक्की ठाऊक असते: ओटा जितका जड व बोल्ट जितके घट्ट, तितकें इंजिन शांत चालतें. हा अनुभव खरा आहे. परंतु तोच नियम जीपगाडीस किंवा मोटारीस लावल्यामुळें पुष्कळांचे पैसे व्यर्थ जातात. घोटाळ्याचें एक कारण नांवांतच आहे. गाडीचें इंजिन ज्या रबरी तुकड्यांवर बसलेलें असतें, त्यांस आपले मिस्त्री 'फाउंडेशन' म्हणतात, आणि विहिरीवरील काँक्रीटच्या ओट्यासही तोच शब्द आहे. नांव एक असलें तरी दोहोंचें काम परस्परविरुद्ध आहे.

विहिरीवरील एका सिलिंडरच्या इंजिनाचा धक्का कित्येक क्विंटल वजनाच्या ओट्यांत व त्याखालच्या जमिनींत जिरतो. मोटारींत असा ओटा कोठून आणावयाचा? तेथें इंजिनाखालीं पोलादाचा हलका सांगाडा असतो. इंजिन त्यास थेट जखडलें, तर तो ढोलाच्या कातड्याप्रमाणें घुमूं लागतो, व ती थरथर स्टिअरिंगचें चाक, दारें आणि बसणाराचें अंग यांत उतरते. म्हणून मध्यें रबर घालून इंजिनास थोडेंसें हलूं द्यावें, आणि तें हलणें तेथल्या तेथें संपवावें, अशी ही युक्ति आहे. ती नांवारूपास आली अमेरिकेंत. क्रायस्लर कंपनीनें १९३१ सालीं प्लिमथ गाडीचें चार सिलिंडरचें इंजिन दोन रबरी बैठकांवर तोललें. पुढील बैठक उंच, मागील खालीं, व दोहोंस जोडणारी रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्यांतून जाई. पुढील वर्षीं फ्रान्समधील सित्रोएन कंपनीनें ती पद्धति स्वीकारली.

आतां थोडा हिशेब पाहूं. चार सिलिंडरचें इंजिन गाडी उभी असतां मिनिटास ८०० फेरे घेत असेल, तर दर फेऱ्यास दोन स्फोट, म्हणजे सेकंदास सुमारें २७ धक्के होतात. रबरावर बसलेल्या इंजिनाचाही स्वतःचा एक झोका असतो. झोपाळ्यास त्याच्या लयींत धक्का दिला कीं तो चढत जातो. लयीहून फार जलद धक्के दिले, तर तो जवळजवळ जागेवरच राहतो. इंजिनाचें तसेंच आहे. धक्क्यांची संख्या झोक्यांच्या संख्येच्या १.४ पटीहून अधिक असेल तरच रबर थरथर अडवितें, आणि हें अंतर जितकें वाढेल तितकें बरें. म्हणून झोके सेकंदास दहाच्या आसपास राहतील इतकें मऊ रबर कारखानदार योजतात. तेंच रबर पिळलें गेलें किंवा चेपून लोखंडास टेकलें, कीं कठीण होतें. झोके जलद होऊन धक्क्यांच्या लयीजवळ येतात, आणि नवें रबर घालूनही गाडी पूर्वीपेक्षां अधिक थरथरते. जुन्या टायरचे तुकडे कापून घालण्याची चाल कित्येक ठिकाणीं आहे. ती मोडावी हें उत्तम. त्या रबरांत कापडाचे व कित्येकदां तारेचे थर असतात, त्यांस हवा तो मऊपणा कोठला?

प्रथम दोष बैठकीचाच आहे कीं काय तें पहावें. गाडी ठराविक वेगानें धांवतांनाच थरथरत असेल, तर चाकें व शाफ्ट तपासावे. उभ्या गाडींत थरथर असेल, आणि इंजिनाचा आवाजही अडखळता असेल, तर इंधनाकडे लक्ष द्यावें. आवाज एकसारखा असून थरथर असेल, तर संशय बैठकीवर घ्यावा. जाणत्या माणसानें ब्रेक पक्का दाबून क्लच किंचित् सोडावा, एकदां पहिल्या गिअरमध्यें व एकदां मागच्या. दुसऱ्यानें बाजूस उभें राहून पहावें, गाडीच्या पुढें किंवा मागें मात्र कोणीं उभें राहूं नये. इंजिन थोडेंसें कलणें योग्य. ठोका देऊन उडालें, तर रबर फाटलें आहे. कांहीं नव्या गाड्यांच्या बैठकींत द्रव भरलेला असतो. तो पाझरल्याचे डाग दिसले तर ती बैठक गेली असें समजावें.

बसवितांना जॅक तेलाच्या चेंबरखालीं लावावयाचा असेल, तर मध्यें रुंद जाड फळी घालावी. नुसत्या जॅकनें पातळ चेंबर चेपतें. एका वेळीं एकच बैठक सोडावी. नव्या बैठकीवर बाण किंवा खूण असल्यास जुनीशी ताडून पहावी. सर्व बोल्ट हातानें फिरवून अर्धेच लावावे. एखादें भोंक जुळत नाहीं म्हणून पहारीनें इंजिन ओढून बोल्ट ठोकणें म्हणजे रबरास जन्मभर पिळून ठेवणें होय. नंतर जॅक काढून इंजिनाचें सर्व वजन रबरावर येऊं द्यावें, इंजिन मिनिटभर चालवावें, बंद करून हातानें दोन्ही बाजूंस हलवावें, म्हणजे तें आपली जागा आपण शोधतें. मग बोल्ट आवळावे: वजन पेलणाऱ्या बैठकी आधीं, आणि इंजिनाचा कल आवरणारा दांडा असेल तर तो शेवटीं. किती आवळावें, तें गाडीच्या पुस्तकांत दिलेलें असतें. धुराच्या नळीचे पट्टेही याच वेळीं ढिले करून पुन्हा बसवावे. नळी ताणलेली राहिली, तर रबरानें अडविलेली थरथर त्या वाटेनें सांगाड्यांत शिरते.

प्रस्तुत लेखकाच्या जीपगाडीस नवीं रबरें घातल्यावर आरसा इतका थरथरूं लागला, कीं मागून येणारी गाडी ओळखूं येईना. मिस्त्रीनें इंजेक्टर काढावयास लावले. त्या खर्चानें कांहींच फरक पडला नाहीं. शेवटीं दुसऱ्या एका कारागिरानें केवळ बैठकींचे नट ढिले केले, तेव्हां इंजिन सुमारें बोटभर एका अंगास सरकलें. जॅकवर वांकडें टेकलेलें असतांच तें आवळलें गेलें होतें. अर्ध्या तासांत काम झालें, आणि नवें सामान कांहींच लागलें नाहीं.

ट्रॅक्टराच्या बाबतींत मात्र ही रबरें शोधूं नयेत. बहुतेक ट्रॅक्टरांत इंजिन व गिअरपेटी हाच कणा असतो व ते एकमेकांस सरळ बोल्टांनीं जखडलेले असतात. तेथील बोल्ट घट्टच हवेत.