शर्यतींतला पाय आणि घाटांतला पाय

मोटारसायकलींच्या शर्यती दूरचित्रवाणीवर पाहण्याची आवड आतां रत्नागिरीसारख्या गांवींही चांगलीच रुजली आहे. ज्या घरांत कॉलेजांत जाणारा एखादा मुलगा आहे, त्या घरांतील वडील मंडळींच्याही दृष्टीस या शर्यतींतील कांहीं दृश्यें सहज पडलीं असतील. त्यांपैकीं एक दृश्य मोठें चमत्कारिक आहे. ताशीं तीनशें किलोमीटरांच्या वेगानें सरळ मार्गावरून आलेला स्वार पुढच्या वळणासाठीं ब्रेक दाबतो, आणि त्याच क्षणीं ज्या बाजूस वळावयाचें त्या बाजूचा पाय फूटरेस्टवरून काढून हवेंत लोंबता सोडतो. वळणाच्या तोंडाशीं पाय पुन्हा आपल्या जागीं जातो, गाडी कलते आणि स्वार वळण घेऊन निघून जातो. प्रथम पाहणारास वाटतें कीं, याचा तोल गेला. परंतु थोडा वेळ पाहिल्यावर ध्यानांत येतें कीं, वळणामागून वळण हेंच चाललें आहे, आणि एकच नव्हे तर बहुतेक सारे स्वार हेंच करीत आहेत.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा असता तरी तो विचार करण्याजोगा होताच. परंतु आम्हांस तो अधिक जवळचा वाटतो, याचें कारण आंबा घाट. साखरप्याहून वर चढणाऱ्या त्या रस्त्यावर किंवा हातखंब्याच्या उतारावर एखादा तरुण वळण येतांच उजवा पाय खालीं सोडून देतो, तेव्हां त्यानें तो धडा कोठून घेतला हें निराळें सांगावयास नको. शर्यतींत जें शोभतें तें घाटांत कां शोभूं नये, असें त्यानें विचारलें तर वडिलांपाशीं नुसत्या रागाखेरीज दुसरें उत्तर असावें, या हेतूनें हा लेख आम्ही लिहीत आहों.

या संवयीचा उगम बहुतेक जाणकार इटलीचा विख्यात स्वार व्हॅलेंटिनो रॉसी याच्याकडे नेतात. १९७९ सालीं जन्मलेल्या या गृहस्थानें नऊ वेळां जगज्जेतेपद मिळविलें आणि २०२१ च्या अखेरीस निवृत्ति घेतली. २००५ सालीं स्पेनमधील हेरेस येथें शेवटच्या फेरींतील शेवटच्या वळणावर प्रतिस्पर्ध्यास गांठतांना त्याचा पाय फूटरेस्टवरून सुटला होता, व तेथून ही रीत सुरू झाली असें सांगतात. पुढें तो हें नेहमींच करूं लागला, आणि कांहीं वर्षांत त्याचें पाहून इतरही करूं लागले. मौज अशी कीं, असें कां करतोस म्हणून विचारलें असतां, तसें केल्यानें बरें वाटतें यापलीकडे त्यालाही फारसें सांगतां येत नसे. कृति आधीं घडली आणि तिचीं कारणें मागाहून शोधलीं गेलीं.

हीं कारणें समजण्यासाठीं प्रथम ब्रेक दाबल्यावर गाडीचें काय होतें तें पाहिलें पाहिजे. एस. टी. च्या ड्रायव्हरनें एकदम ब्रेक दाबला म्हणजे उतारू पुढें झुकतात, हा अनुभव सर्वांचा आहे. मोटारसायकलींतही सारा भार असाच पुढच्या चाकावर येतो. शर्यतींतील ब्रेक इतके जबरदस्त असतात कीं, मागच्या चाकावर जवळजवळ कांहींच भार उरत नाहीं. पुष्कळदां तें जमिनीवरून किंचित् उचललेलेंही दिसतें. जें चाक जमिनीला धड टेंकलेलें नाहीं, त्याचा ब्रेक कितीही दाबला तरी त्या क्षणीं त्यापासून लाभ थोडाच. अर्थात् मागचा ब्रेक दाबणारा उजवा पाय तेवढ्या वेळापुरता रिकामा असतो. डाव्या पायाकडे गिअर बदलण्याचें काम असतें. तें आलें म्हणजे तो जागेवर येतो, आणि तें झालें म्हणजे पुन्हा मोकळा होतो. ही रिकामपणाची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां या रिकाम्या पायाचा उपयोग काय? पहिला उपयोग वाऱ्याचा. धांवत्या गाडींतून हात बाहेर काढला तर वारा तो मागें ढकलतो. तसाच तो लोंबत्या पायालाही ढकलतो, आणि तितका वेग कमी होण्यास मदत होते. याचा अंदाज साध्या गणितानें काढतां येतो. पायाचा अर्धा हात लांब व वीतभराहून कमी रुंद एवढा भाग वाऱ्यापुढें नव्यानें आला असें धरलें, तर ताशीं ३०० किलोमीटर वेगास त्यावर सुमारें २० किलो वजनाएवढा दाब पडतो. सुमारें १६० किलोंची गाडी, वर स्वार, त्याचा पोशाख आणि पेट्रोल मिळून एकंदर भार २४० किलोंच्या आसपास जातो, आणि ब्रेकांचा जोर साधारणतः त्या भाराएवढाच असतो. त्या मानानें २० किलो म्हणजे बारावा हिस्सा झाला. शिवाय वाऱ्याचा हा ब्रेक टायराच्या पकडीवर अवलंबून नसतो. जेथें सेकंदाच्या शतांशावर जयापजय ठरतो, तेथें ही मदत क्षुद्र नव्हे. मात्र वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत बदलतो. वेग तिसऱ्या हिश्श्यावर, म्हणजे १०० किलोमीटरांवर आला कीं दाब नवव्या हिश्श्यावर येतो आणि २० किलोंचे जेमतेम सव्वादोन किलो उरतात.

दुसरा उपयोग तोलाचा. माणसाचा एक पाय त्याच्या एकंदर वजनाच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतका भरतो. ६५ किलोंच्या स्वाराचा पाय सुमारें ११ किलोंचा. तो हातभर नव्हे तरी वीत-दीड वीत बाहेर व थोडा खालीं गेला, तर गाडी व स्वार यांचा मिळून होणारा गुरुत्वमध्य वळणाच्या बाजूस सुमारें एक सेंटिमीटर सरकतो. हा फरक लहान आहे, पण पुढच्या क्षणीं ज्या बाजूस कलावयाचें त्याच बाजूचा आहे. तिसरा उपयोग शरीराच्या तयारीचा. वळणांत शिरण्यापूर्वीं स्वार बैठकीवरून अर्धा बाहेर सरकतो, बाहेरची मांडी पेट्रोलच्या टांकीशीं घट्ट दाबून धरतो आणि आंतला गुडघा उघडतो. लोंबता पाय हा या हालचालीचाच आरंभ होय. यांपैकीं कोणतें कारण किती महत्त्वाचें, याविषयीं खुद्द स्वारांतही एकमत नाहीं.

येथें आणखी एका पायाची गल्लत होऊं नये म्हणून सांगितलें पाहिजे. जानेवारी २०२४ मध्यें पुण्यास बालेवाडीच्या श्रीशिवछत्रपति क्रीडासंकुलांत मातीच्या उंचवट्यांवरून मोटारसायकली उडविण्याची सुपरक्रॉस शर्यत झाली. त्या प्रकारांतही वळणावर पाय बाहेर निघतो. परंतु तो लोंबत नाहीं, पुढच्या चाकाच्या दिशेनें सरळ ताणलेला असतो. मातींत चाकें घसरणें हें नित्याचेंच, म्हणून पुढच्या चाकावर भार ठेवणें आणि वेळ आली तर जमिनीला टेंका देणें अशीं दोन कामें तो करतो. त्यासाठीं घोट्याला जखडणारे जाड बूटही असतात. पाय दोन्हीकडे बाहेर दिसला तरी दोहोंचीं कामें निराळीं आहेत.

आतां घाटाकडे वळूं. सर्वांत वेगवान मोटोजीपी गाडीची ताशीं ३६६.१ किलोमीटर ही नोंद २०२३ सालीं इटलींतील मुजेल्लो येथें ब्रॅड बाइंडर या स्वारानें केली, ती ऑस्ट्रियाच्या केटीएम गाडीवर. त्याच नांवाच्या लहान गाड्या २०१२ पासून आपल्याकडे चाकणच्या बजाजच्या कारखान्यांत तयार होऊन विकल्या जाऊं लागल्या. नांव एक, रंग एक. तेव्हां रीतही एकच असावी असें तरुण मनास वाटलें तर नवल नाहीं. परंतु घाटाच्या वळणावर वेग असतो ताशीं ४० किलोमीटर. वरचेंच गणित येथें लावलें तर लोंबत्या पायावर पडणारा वाऱ्याचा दाब सुमारें साडेतीनशें ग्रॅम भरतो, म्हणजे एका मोठ्याशा हापूस आंब्याच्या वजनाएवढा! एवढ्या मदतीनें गाडी थांबण्यांत जो फरक पडेल तो मोजतांही यावयाचा नाहीं.

हा झाला लाभ. हानीचा हिशेब मात्र फार मोठा आहे. घाटांत कोणी शर्यतीसारखा ब्रेक दाबीत नाहीं, आणि दाबूंही नये. त्यामुळें मागचें चाक जमिनीवर चांगलें टेंकलेलें असतें. पाठीमागें बहीण किंवा मित्र बसला असेल तर त्याचा बहुतेक भार त्याच चाकावर असतो. म्हणजे ज्या ब्रेकाचा शर्यतींत उपयोग थोडा, तोच येथें खरोखर उपयोगी पडतो, आणि तो उजव्या पायाखालीं आहे. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ घनसेंटिमीटरपर्यंतच्या नव्या दुचाकींना, एबीएस नसल्यास, जोडब्रेकाची योजना सक्तीची झाली. अशा बहुतेक मोटारसायकलींत पायाचा ब्रेक दाबला कीं मागच्या चाकाबरोबर पुढच्यालाही थोडा ब्रेक लागतो. पाय लोंबता सोडणारा मुलगा ही सारी योजनाच आपल्या हातानें रद्द करतो, आणि मग संकटसमयीं त्याच्यापाशीं उरतो तो केवळ पुढचा ब्रेक.

ओल्या रस्त्यावर एकटा पुढचा ब्रेक घाबऱ्या हातानें दाबला गेला तर काय होतें, हें कोंकणांत सांगावयास नको. रत्नागिरीस वर्षाकाठीं ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्या दिवसांत जांभ्याची तांबडी माती वाहून डांबरावर येते, झाडांचा पाला कुजून पडतो, आणि वळणाच्या सावलींत शेवाळ धरतें. अशा ठिकाणीं मागचें चाक घसरलें तर पुष्कळदां सांवरतां येतें. पुढचें चाक एबीएसविना अडकून घसरलें तर सांवरण्यास अवसर मिळत नाहीं. त्यांतच लोंबता पाय जमिनीला किंवा रस्त्याच्या कडेच्या दगडाला लागला तर तो मागें खेंचला जाऊन घोटा किंवा गुडघा मोडतो. शर्यतीच्या स्वाराच्या अंगावर चामड्याचा पोशाख असतो, रस्ता एकाच दिशेचा असतो, कडेला मोकळी जागा असते आणि डॉक्टर सिद्ध असतो. आंबा घाटांत एका बाजूस दरी व दुसऱ्या बाजूस कोल्हापुराहून उतरणारा ट्रक असतो.

स्कूटर चालविणाऱ्या भगिनींसही दोन शब्द सांगावेसे वाटतात. स्कूटरचे दोन्ही ब्रेक हातांत असल्यामुळें वरील दोष त्यांस लागत नाहीं; परंतु वळणावर भीतीनें दोन्ही पाय खालीं सोडण्याची संवय पुष्कळींस असते. पाय खालीं गेल्यानें गाडीचा तोल सुधारत नाहीं. चालत्या गाडीचा तोल चाकांच्या गतीनें व हँडलाच्या सूक्ष्म हालचालींनीं राहतो. पाय टेंकावयाचे ते गाडी थांबल्यावर.

मग शर्यतींतून कांहींच घेऊं नये काय? घ्यावें, आणि पुष्कळ घ्यावें. निष्णात स्वार ब्रेकांचा बहुतेक जोर गाडी सरळ उभी असतांनाच लावतो आणि गाडी जसजशी कलते तसतसा तो हलका करीत जातो. त्याची दृष्टि चाकापुढच्या जमिनीवर नसून वळणाच्या पलीकडच्या टोंकावर असते. तो टांकीला गुडघ्यांनीं धरतो, हँडलाला लोंबकळत नाहीं. या तिन्ही गोष्टी घाटांतही तितक्याच उपयुक्त आहेत. त्यांत उतारावर खालच्या गिअरमध्यें राहण्याची चौथी गोष्ट घाटानें शिकवावी. मात्र या गोष्टी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर सहजासहजीं दिसत नाहींत, आणि पाय चटकन् दिसतो. म्हणून अनुकरण पायाचें होतें.

तेव्हां घरांतील मुलानें हा विषय काढला तर त्याच्यावर रागावूं नये. वरील आंकडे त्याच्यापुढें मांडावे व त्यालाच गणित करावयास सांगावें. शर्यतींतल्या स्वारानें पाय सोडला तो त्या क्षणीं त्या पायास फारसें काम नव्हतें म्हणून. घाट उतरतांना आपल्या मुलाच्या उजव्या पायाखालीं ब्रेक आहे आणि डाव्या पायाशीं गिअर आहे. तेथें दोन्ही पायांस घरीं पोंचेपर्यंत काम आहे.