नाव पक्कं होईपर्यंत

१९७३ च्या ऑगस्टमध्ये टेनेसी विद्यापीठाचे मत्स्यशास्त्रज्ञ डेव्हिड एटनियर लिटल टेनेसी नदीच्या उथळ, खडीच्या पात्रात उतरले आणि बोटाएवढा एक मासा घेऊन वर आले. जेमतेम तीन इंच लांबी, तपकिरी अंग, पाठीवर चार गडद पट्टे. तळाशी बसायचं आणि गोगलगायी खायच्या, एवढंच त्याचं काम. त्या नदीवर टेलिको धरण १९६७ पासून बांधलं जात होतं. मासा सापडला त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत धोक्यातल्या प्रजातींचा कायदा झाला आणि १९७५ च्या ऑक्टोबरात हा ‘स्नेल डार्टर’ त्या कायद्याच्या यादीत गेला. गंमत अशी, की तोवर त्याला शास्त्रीय नावच नव्हतं. ‘पर्सिना तनासी’ हे त्याचं बारसं झालं १९७६ च्या जानेवारीत. संरक्षण आधी, नाव नंतर. कायद्याने शास्त्राच्या पुढे असं पाऊल टाकावं का? माझ्या मते टाकावं. मासा वेगळी जात आहे की नाही, किती उरला आहे, हे पक्कं होईपर्यंत थांबणं म्हणजे तटस्थ राहणं नव्हे. तोही एक निर्णयच असतो, फक्त त्याच्यावर कुणाची सही नसते.

पुढचा खटला प्रसिद्ध आहे. १९७८ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या आधारे सहा विरुद्ध तीन मतांनी धरण थांबवलं. दहा कोटी डॉलरहून जास्त खर्च झालेलं, जवळपास पुरं होत आलेलं धरण तीन इंची माशापायी अडलं, म्हणून देशभर टिंगल झाली. संसदेने मग कायदा दुरुस्त करून अपवाद ठरवणारी एक उच्चाधिकार समिती नेमली. जीवांना जगवायचं की मारायचं हे तिच्या हाती, म्हणून लोक तिला ‘देवांचं पथक’ म्हणू लागले. या समितीने १९७९ च्या जानेवारीत धरणाचा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला, आणि उरलेलं काम पुरं करण्याचा खर्चसुद्धा फायद्यातून वसूल होत नाही असं दिसलं. निर्णय एकमताने धरणाच्या विरोधात गेला. प्रकल्पासाठी सुमारे ३८ हजार एकर जमीन घेतली होती आणि बुडणार होती त्यातली निम्म्याहून कमी. उरलेली विकसित करून विकायची होती. घरंदारं सोडावी लागलेले शेतकरी ओरडत होते तेव्हा हा हिशेब कुणी मागितला नव्हता. ‘माशापायी विकास अडला’ या आक्षेपाला माझं उत्तर याच हिशेबात आहे. अखेर संसदेने एका खर्चाच्या विधेयकात सूट घुसवली, नोव्हेंबरात धरणाची दारं बंद झाली, आणि चेरोकी लोकांचं तनासी हे जुनं गाव, ज्याच्यावरून राज्याला आणि माशालाही नाव मिळालं, पाण्याखाली गेलं.

मासा मात्र वाचला. काही आधीच हिवासी नदीत नेऊन सोडले होते, काही पुढे इतर नद्यांतही सापडले. २०२२ मध्ये तो यादीतून बाहेर आला. आणि २०२५ च्या जानेवारीत येल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी दाखवलं, की ही वेगळी जात नव्हतीच. मिसिसिपीच्या पश्चिमेला राहणाऱ्या, आधीपासून माहीत असलेल्या एका डार्टरचीच ही पूर्वेकडची वस्ती. धरणविरोधकांनी सोयीची जात ‘बनवली’ ही शंका आता उघड घेतली जाते. ती झटकून टाकण्यासारखी नाही, पण तिने निष्कर्ष बदलत नाही. मूळ कायद्याच्या व्याख्येत उपजातीच काय, एकाच जातीची आपसांत प्रजनन करणारी स्थानिक वस्तीसुद्धा बसत होती. आणि चूक झालीच असेल तर तिचं नुकसान किती? यादीतलं एक नाव खोडलं, संपलं.

उलट चूक पाहायला कावेरीवर यावं लागतं, आणि त्या चुकीचं एक टोक महाराष्ट्रात आहे. १८३९ मध्ये ब्रिटिश लष्करी अधिकारी साइक्सने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून महसीर माशाच्या एका जातीचं वर्णन केलं, तो ‘टॉर खुद्री’. हा मासा संपत चालला या काळजीपोटी लोणावळ्याच्या हॅचरीत १९७० च्या दशकापासून त्याची बोटुकली वाढवली गेली आणि दूरदूरच्या जलाशयांत, कावेरीतही, सोडली गेली. कावेरीत मात्र आधीच दुसरा महसीर होता: नारिंगी पर, पाठीला कुबड. १९४६ मध्ये कावेरीच्या कबिनी या उपनदीत गळाला लागलेला महसीर ५४ किलोचा होता. जगभरच्या गळवाल्यांना ठाऊक असलेल्या या कुबडवाल्या माशाला पक्कं शास्त्रीय नाव मिळालं २०१८ मध्ये. केरळातल्या पांबार नदीतून २००७ साली वर्णन झालेला ‘टॉर रेमादेवी’ तो हाच, हे तेव्हा कळलं. त्याच वर्षी तो संकटातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला. खुद्रीची काळजी मात्र याच यादीने पुढे ‘फारशी नाही’ वर आणली. धरणं, वाळूउपसा, सुरुंगाची मासेमारी ही कारणं आहेतच. पण वाचवायला सोडलेल्या एका महसीराने दुसऱ्याची जागा घेतली, हा संशयही अभ्यासकांनी पुराव्यानिशी मांडला आहे. ‘महसीर’ या एका शब्दाखाली सगळे खपून गेले तेव्हा हरकत घ्यायला कुणाकडे वेगळं नाव नव्हतं. ही चूक खोडता येत नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे: कायदा म्हणजे कुलूप, आणि कुलूप नेमकं राखणदारालाच बाहेर ठेवतं. २०१२ मध्ये कावेरीच्या अभयारण्यात गळाची मासेमारी बंद झाली. पकडून, वजन करून मासा परत सोडणाऱ्या गळवाल्यांच्या कॅम्पांवर एके काळचे चोरटे मासेमारच पगारावर राखण करत होते. १९९८ पासूनच्या या कॅम्पांच्या नोंदवह्यांतूनच कुबडवाला घटतोय हे पुढे कळलं. बंदीबरोबर नोंदीही थांबल्या, राखणही. आक्षेप खरा आहे. पण तो संरक्षणावर नाही, ‘संरक्षण म्हणजे बंदी’ या आळशी समजुतीवर आहे. नदीत कुठली बोटुकली सोडायची नाही, विणीच्या हंगामात धरणातून किती पाणी सोडायचं, पात्राचा कोणता तुकडा कोणी राखायचा, हे ठरवणारा कायदाही कायदाच असतो, आणि त्याला नावाच्या वादाने फारसा अडसर होत नाही.

महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंडीचा डोह आहे. तिथले महसीर वरदायिनी देवीचे म्हणून कुणी मारत नाही. भाविकांनी मुरमुरे टाकले की काळसर पाठी एकमेकींवर चढत काठाशी येतात. ती खुद्री की आणखी कोण, हे गावाने कधी कुणाला विचारलं नाही. पण पावसाळा लागला की महसीर विणीसाठी प्रवाहाच्या वर चढू लागतो, आणि डोह संपला की देवीची हद्दही संपते.